जानूकाकांचे डोळे

जानू मेस्त्रींचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते. हे मला सगळ्यात आधी लिहायचं आहे, कारण आमच्या गावात आता उलटंच बोललं जातं. 'म्हातारपणी मेस्त्रींची नजर गेली आणि देवळाची चौकट चुकली' असं लोक म्हणतात. वाईट मनाने नाही, हळहळून म्हणतात. काका गेले त्याला आता वर्ष होईल. मागच्या आठवड्यात मी आमच्या देवळाच्या मुख्य मानकऱ्यांच्या घरी गेलो आणि खरं काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानाचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "आता तां सगळां कित्याक काढतंस, सुनील? माणूस गेलो."

म्हणून लिहायला बसलो.

वेंगुर्ल्याहून आमच्या गावाकडे येताना खाडीच्या पुलाच्या अलीकडे माझी शेड आहे. लाकडावर नक्षी कोरणारं मशीन तिथे आहे. दारं, देव्हारे, झोपाळ्याच्या पाठी, हॉटेलांच्या पाट्या, सगळं त्यावर होतं. मशीन आणलं तेव्हा तालुक्यात तसं दुसरं नव्हतं. लोक बघायला येत, खुर्च्या मागून बसत. पहिल्या दिवशी मी आठ बाय चारच्या प्लायवर एक मोठी चौकोनी वेलबुट्टी कोरून दाखवली. सगळे वा वा करत होते. जानूकाका मागे हात बांधून उभे होते. त्यांचं काही ठरलं की ते बोलायच्या आधी कानावरची पेन्सिल काढून उलट्या बाजूने कान खाजवत. त्यांनी कान खाजवला.

"सुन्या, तुझां मशीन लंगडता."

कोणीतरी हसलं. काकांनी बाहेर जाऊन पोफळीची एक लांब चिरलेली काठी आणली. चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ती तिरकी ठेवली, पेन्सिलीने खूण केली, मग तीच काठी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. खूण कोपऱ्याच्या दोन सूत, म्हणजे पाव इंच, अलीकडे पडली. चौकोन चौकोन नव्हता, किंचित कलंडलेला होता.

मी टेप आणायला निघालो तर म्हणाले, "टेप नको. आकडो इलो की माणूस हुज्जत घालता." आणि माझ्याकडे मासे धरायची तंगूस होती ती दाखवली तर तीही नको. "दोरी ताणता. आपल्या मनासारखी होता. काठी ताणणा नाय."

जानूकाकांचा शब्द मोडायची पद्धत आमच्याकडे नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी सुतारकाम केलं होतं आणि त्या चाळीस वर्षांत गावातल्या सगळ्या सरळ गोष्टी त्यांच्या डाव्या डोळ्याखालून गेल्या होत्या. उजवा डोळा मिटून, हनुवटी जरा वर करून ते बघत. गवंडी भिंत उभी करताना ओळंबा लावत आणि तरीही काका रस्त्याने चालले असले की हाक मारत. बंदरावर नवी होडी बांधायला घेतली की होडीवाले त्यांना वाळूत वीस पावलं लांब उभं करत. काका बघत आणि म्हणत, "नाळ डावीकडे जाता." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. एवढंच. सरळ असेल तर काहीच म्हणत नसत, फक्त नाकातून हुंकार. "सरळ आसा काय?" असा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो प्रश्न बाकीच्यांनी विचारायचा, त्यांनी उत्तर द्यायचं.

त्यांच्या मुलीच्या लग्नातली गोष्ट अजून सांगतात. मंगलाष्टका चालू होत्या, अंतरपाट धरलेला, सगळे अक्षता मुठीत घेऊन उभे. काका मुलीच्या मागे उभे होते आणि त्यांचा उजवा डोळा मिटायला लागला. चार ओळी त्यांनी कशाबशा सहन केल्या. मग अंतरपाट धरणाऱ्याला म्हणाले, "रे बापू, उजवो हात जरा वर कर. पडदो उतरलो." भटजी थांबले. काकी दात आवळून म्हणाल्या, "आज तरी गप रवा." तर हे म्हणाले, "माझ्या चेडवान काय वाकड्या पडद्याच्या फाटसून न्हवरो बघूचो?" बापूने हात वर केला, काकांनी हुंकार दिला, आणि मग लग्न पुढे गेलं.

माझ्या मशीनचं दुखणं त्यांनीच शोधलं. ते समजायला थोडं सांगावं लागेल. टेबलावर एक आडवा लोखंडी पूल असतो आणि कोरणारं टोक त्या पुलावर फिरतं. पुलाचे दोन पाय दोन बाजूंच्या रुळांवर चालतात आणि प्रत्येक पायाला स्वतःची मोटार असते. मशीन चालू केलं की ते कुठे उभं आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून पूल आधी मागे मागे जातो, कोपऱ्यातल्या स्विचला टेकतो आणि तिथून मोजायला सुरुवात करतो. होमिंग म्हणतात त्याला. माझ्या मशीनला स्विच एकच होता, डाव्या पायाला. डावा टेकला की दोन्ही मोटारी थांबत. उजवा पाय त्या वेळी जिथे असेल तिथे. बंद मशीनला कोणाचा धक्का लागून उजवा पाय मागेपुढे झाला असेल, तर दिवसभर पूल तिरकाच चालणार.

मी मशीन विकणाऱ्याला फोन लावून बसलो होतो. काका टेबलाखाली वाकून बघून आले.

"दोन बैल जुपलंस आणि दावां एकाकच. दुसरो खंय थांबतलो, ता तेका कोण सांगतलो?"

त्यांनी हट्ट धरला म्हणून मी उजव्या पायालाही स्विच बसवला आणि दोन्ही मोटारी वेगळ्या केल्या. आता पूल मागे गेला की जो पाय आधी टेकेल तो थांबायचा आणि दुसऱ्याची वाट बघायचा. दोन्ही टेकले की पूल काटकोनात. पण तो स्विच नेमका कुठे बसवायचा हे काठीने ठरलं. चार कोपऱ्यांत चार भोकं पाडायची, काठी दोन्हीकडून लावायची, फरक पडला की उजव्या स्विचचा बोल्ट केसभर सरकवायचा, पुन्हा होमिंग, पुन्हा चार भोकं. तीन दिवस चाललं हे. माझा धीर पहिल्याच दिवशी सुटला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खूण दोन्हीकडे एकाच जागी पडली तेव्हा काकांनी हुंकार दिला आणि काठीवरची ती खूण चाकूने खोल करून ठेवली.

त्यानंतर ते रोज सकाळी शेडवर येऊ लागले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. होमिंगला ते 'घराक जाणां' म्हणत. "न्हेलंस काय घराक?" विचारत, मी हो म्हटलं की चार भोकं, काठी, हुंकार, आणि मग चहा. मशीनवर त्यांचा जीव बसला होता. सुतारकीतले दुसरे म्हातारे मशीनला शिव्या देत. हे म्हणत, "शिकयलेलां ऐकता ता. माणसां खंय ऐकतत?"

आता देवळाच्या दाराचं सांगतो.

आमच्या ग्रामदेवतेचं लाकडाचं काम जानूकाकांच्या घराकडे होतं, पिढ्यान्‌पिढ्या. पालखीचा दांडा मोडला, दिपमाळेजवळची घडवंची खिळखिळी झाली, की त्यांच्याच घरी सांगणं जायचं. गाभाऱ्याचं जुनं दार वाळवीने खाल्लं तेव्हा देवीला कौल लावला. देवळाच्या जागेतला फणस तोडायला उजवा कौल मिळाला. तो एकच फणस, लाकूड वाया गेलं तर दुसरं नाही. काकांनी त्याच्या फळ्या स्वतःच्या मांगरात, घरामागच्या खोपटात, दोन पावसाळे वाळवल्या, दर महिन्याला उलटून ठेवल्या. चौकट त्यांनी हाताने केली आणि गवंड्याने ती भिंतीत बसवली. दोन झडपा मात्र मशीनवर कोरायच्या, असं त्यांनीच मानकऱ्यांना पटवलं. "माझ्या हातापेक्षा बारीक येतली," म्हणाले. ज्या माणसाच्या घराकडे मान होता त्याने असं म्हणणं सोपं नाही. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

सकाळी त्यांनी काठी लावून पाहिली, सगळं बरोबर होतं. आम्ही फळ्या आवळून बांधल्या. तेवढ्यात वीज गेली. काका जेवायला घरी गेले. मी टेबलावरचा भुसा साफ करताना पूल हाताने पुढे ओढला, एका बाजूने ओढला, कारण दुसऱ्या बाजूला फळ्यांचा ढीग होता. वीज आली. मी होमिंग लावलं. डावा पाय टेकला, थांबला. उजवा टेकला आणि थांबेना. मोटार घरघर करत राहिली. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने उजव्या स्विचला आतून गंज चढला होता. नवा आणायचा तर कुडाळला जावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार लागायचं होतं.

मी उजव्या स्विचची वायर सोडवली आणि डाव्या स्विचलाच जोडून टाकली. डावा टेकला की दोन्ही थांबणार, पहिल्यासारखं. नजरेला पूल सरळ दिसत होता. आजच्यापुरतं, असं मी मनात म्हटलं.

काका जेवून आले. फळ्यांवर हात फिरवत म्हणाले, "घराक न्हेलंस मा?"

"न्हेलंय."

"दोनूय पाय?"

"दोनूय."

इथे मी त्यांना वायरचं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ते भुसा झटकून खाली बसले असते आणि काठी घेतली असती, तासाभराचं काम होतं. मला तो तास नको होता. मी चालू केलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही झडपा कोरून झाल्या. कडा आणि नक्षी एकाच बैठकीत कापलेली, त्यामुळे झडप जेवढी कलंडली तेवढीच तिच्यावरची वेलही कलंडली. नुसती कड रंधून सुधारली असती तर कडेची वेल उघडी पडली असती.

दुसऱ्या दिवशी देवळात झडपा बिजागरांवर चढवल्या आणि बंद केल्या. मधोमध डावी उंबऱ्याला टेकली. उजवीच्या खाली बोट जाईल एवढी फट.

मानकरी, पुजारी, वाजंत्री, सगळे उभे. काकांनी झडपा उघडल्या, पुन्हा मिटल्या. उजवा डोळा मिटून बराच वेळ बघितलं. त्यांनी काठी चौकटीला लावली, इकडून, तिकडून. खूण दोन्हीकडे एकाच जागी पडत होती, मी शेजारीच होतो, मला दिसलं. काका तरीही काठी काढून पुन्हा लावत होते.

मागून कोणीतरी म्हणालं, "मशीनाचां दार वाकडां कसां येतलां? मशीनाक काय चक्कर येता?" दोघंतिघं हसले. मुख्य मानकरी सौम्यपणे म्हणाले, "मेस्त्रीनू, चौकटच बघा जरा."

काका माझ्याकडे वळले. "सुन्या, दारां मोजलंस तू?"

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. ती वायर माझ्या डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, "मोजलंय काका. बरोबर आसत."

त्यांनी काठी झडपांना लावलीच नाही. मी मोजलंय म्हटल्यावर त्यांना त्याची गरज वाटली नाही. आणि मशीन तर त्यांनीच सरळ केलेलं. "मगे माझीच चौकट," ते म्हणाले आणि पिशवीतून पटाशी काढली.

ती सरळ चौकट त्यांनी माझ्या वाकड्या दारासाठी तासली. सगळ्या गावासमोर, उभ्याने, जवळजवळ दोन तास. फणसाच्या पिवळ्या कपच्या त्यांच्या पायांवर पडत होत्या आणि मी बिजागरं धरून उभा होतो. फट लहान झाली, पण पूर्ण गेली नाही. आजही डावी झडप उंबऱ्याला घासते.

त्यांना कोणी एक शब्द वाईट बोललं नाही. फक्त पुढच्या वर्षी पालखीचा नवा दांडा करायचा होता, तो आजगावकडच्या एका मेस्त्रीला सांगितला गेला. काकांना ते पुजाऱ्याकडून कळलं. मी दुसऱ्याच दिवशी कुडाळहून नवा स्विच आणून बसवला होता, आणि तो वायरचा तुकडा खाडीत टाकला होता. मी का बोललो नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. दोन गावांच्या देवळांची कामं बोलण्यात होती, मशीनचं नाव गेलं असतं. हे खरं आहे. पण त्याहून खरं हे की पहिल्या दिवशी बोललो नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बोलता आलं नाही.

काका शेडवर येईनासे झाले. बोलावलं तर म्हणत, "माझी काठी आता कोणाच्या कामाची?" घरी होतं ते कामही त्यांनी परत पाठवलं. काकी एकदा माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तेंका डोळ्यांच्या डॉक्टराकडे घेऊन जा बाबा. माझां ऐकणत नाय."

मी घेऊन गेलो. माझ्याच गाडीतून. डॉक्टरांनी थेंब घातले, तासभर बसवलं, मग भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. काकांनी शेवटची ओळ न अडखळता वाचली. डॉक्टर हसून म्हणाले, "आजोबा, या वयात अशी नजर मी बघितलेली नाही. मोतीबिंदूही अगदी नावापुरता आहे. काही करायची गरज नाही."

"परत एकदा वाचू?" काकांनी विचारलं. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी त्यांनी वाचली.

बाहेर येऊन ते गाडीच्या दाराशी थांबले. दोन्ही पंजे समोर धरून बघत राहिले. बोटं अजिबात थरथरत नव्हती. "डोळे बरे," ते म्हणाले. "हात बरो. मगे बिघाडलां खंय, सुन्या?"

माझ्या हातात गाडीची किल्ली होती. मी म्हटलं, "चाय घेवया, काका." आम्ही चहा घेतला. त्यांनी बशीत ओतून, हळूहळू, एक थेंब न सांडता प्यायला.

मी त्यांना सांगायला गेलो तो त्यानंतर आणखी वर्षभराने. का त्याच दिवशी, ते सांगता येणार नाही. सकाळी मशीन चालू केलं, होमिंग झालं, आणि मी चार भोकं न पाडताच शेडला कुलूप लावलं आणि त्यांच्या वाडीवर गेलो.

ते मांगराच्या दाराला एक आडवी फळी ठोकत होते. मला बघून बाजूला झाले.

"बरो इलंस. ह्यां बघ जरा. सरळ आसा काय?"

मी मान हलवली. सरळच होती ती.

मग पायरीवर त्यांच्या शेजारी बसून मी सगळं सांगितलं. गंजलेला स्विच, वायर, एका बाजूने ओढलेला पूल, देवळात बोललेलं खोटं. काही ठेवलं नाही. ते हातोडी मांडीवर घेऊन ऐकत होते. मध्ये एकदाच मान वर केली आणि माझ्याकडे अशा मायेने बघितलं की मला वाटलं, सुटलो.

"बरो माणूस तू," ते म्हणाले. "माका बरां वाटूचां म्हणान आपल्यार घेतंस."

"काका, खरां सांगतंय. देवाशप्पत."

"शप्पत घालू नको रे. दोन पावसाळे माका बघतंस ना असो बसलेलो, तुका रवाक नाय. समाजता माका."

"देवळात जावया. आत्ता. काठी घेऊन झडपा मोजूया. तुमचां तुमकाच दिसतलां."

"मोजतलो कोण? मीच मा?" ते हसले. "ह्याच डोळ्यांनी? आणि तू मोजलंस तर तू वाकडांच सांगशीत. माका वाचवूक." माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू खोटां बोललंस तर दुसऱ्यासाठी बोलशीत. इतको वळखतंय मी तुका."

काकी सरबत घेऊन आल्या. काकांनी त्यांना सांगितलं, "आयकलंस काय? सुन्यो म्हणता, चूक तेची." काकींनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "देव तुझां बरां करू."

ते सरबत मी प्यायलो. दुसरं काय करणार होतो? आणखी दोनदा सांगून पाहिलं, पण आता ते ऐकत नव्हते, माझ्या मुलांची चौकशी करत होते. निघताना म्हणाले, "मनाक लावून घेव नको. म्हातारपण सगळ्यांक येता."

मी त्यानंतर त्यांना भेटलो नाही. तोंड नव्हतं. पावसाळा संपता संपता ते झोपेतच गेले. आम्ही चौघांनी खांदा दिला, त्यात मी होतो.

पण त्या दिवशी वाडीच्या खालच्या वळणावर मी गाडी थांबवून मागे बघितलं होतं. काका मांगराच्या दाराशी उभे होते. उजवा डोळा मिटून, हनुवटी वर करून त्या फळीकडे बघत होते. थोड्या वेळाने दुसरा डोळा मिटून बघितलं. मग हातोडी उलटी केली आणि मघाशी मारलेले खिळे एकेक करून उपटायला लागले. चारही खिळे काढले, फळी खाली घेतली, हाताने पुसली. पुन्हा दारावर धरली आणि आजूबाजूला बघू लागले, विचारायला कोणी आहे का म्हणून.